चारची गोळी

"पिशवी उघड बरं," वैशालीताई म्हणाल्या.

ड्युटी संपली होती आणि मी दारात चपला घालत होते. पिशवी उघडली. आत रिकामा डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि घरी न्यायची मेथीची जुडी. त्यांनी जुडीची पानंसुद्धा बाजूला करून पाहिली.

"राग नको मानू. घरात पेशंट आहे, मले पाहावं लागते."

"हाव ताई," मी म्हणाले.

मला तेवढंच बोलता येतं. मी पहिल्यापासून लाजरी. समोरच्यानं आवाज चढवला की माझा बंद होतो.

मी अटेंडंटचं काम करते. म्हणजे नर्स नाही. ब्यूरो सांगेल त्या घरी जायचं, पेशंटला उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, संडासला न्यायचं, गोळ्या वेळेवर हातात द्यायच्या. इंजेक्शनला आणि नळीला हात लावायचा नाही. गाव माझं कुहीकडचं. शाळा चौथीपर्यंत. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव मराठीत असेल तर वाचते, इंग्रजी असेल तर अक्षरांचा आकार ओळखून ठेवते. एवढ्यावर नागपुरात माझं बरं चाललं आहे.

लीलाकाकूंच्या घरी मी मागच्या दिवाळीनंतर लागले. घर मानेवाड्याकडे. काकू, त्यांचा मुलगा प्रशांतभाऊ आणि सून वैशालीताई, इतकीच माणसं. भाऊ हिंगण्याला कंपनीत, शिफ्टप्रमाणे जाणार-येणार. वैशालीताई घरीच ब्लाऊज शिवतात, त्यामुळे दिवसभर मशीनचा आवाज आणि गिऱ्हाइकांचं येणं-जाणं.

काकूंना मायस्थेनिया आहे. हे नाव मला आधी म्हणताच येत नव्हतं. हॉस्पिटलच्या ज्योत्स्ना सिस्टरनी आम्हाला समजावलं ते असं. हात उचल, असा निरोप डोक्यातून निघतो. तो नसेतून खाली येतो. पण स्नायूच्या दारात पोचल्यावर तिथं त्याला नीट आत घेत नाहीत. पहिले काही निरोप पोचतात, मग दार बंद होत जातं. म्हणून काकू सकाळी चांगल्या असतात. संध्याकाळ झाली की डाव्या डोळ्याची पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, आवाज नाकातून निघतो, घास चावता चावता जबडा थांबतो. गोळी घेतली की काही तास दार उघडं राहतं. मग पुढची गोळी. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे चावायला आणि गिळायला जोर येतो.

सकाळची, दुपारची, चारची आणि रात्रीची, अशा त्यांच्या गोळ्या. पहिल्या तीन माझ्या ड्युटीत.

उन्हाळा बरा गेला. आखाडात काकू स्वतः वेणी घालत होत्या. श्रावण लागला आणि गाडी घसरली. रोज संध्याकाळी, मी निघायच्या सुमाराला, त्या पार गळून जायच्या. मान धरता यायची नाही. पाणी प्यायल्या तर थोडं नाकातून बाहेर. गोळ्या मात्र पट्टीतून बरोबर संपत होत्या. त्यात एकीचाही फरक नव्हता.

मग ताकद जात कुठे होती?

वैशालीताईंनी पहिला शक दुकानावर घेतला. गोळ्या नकली असतील म्हणून मेडिकल बदललं. फरक नाही. दुसरा शक माझ्यावर. मी पट्टीतून गोळी काढते आणि काकूंना देतच नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्या मशीनवरून उठून अचानक खोलीत यायच्या. मी काही न करता बसलेली असले तरी दचकायचे, आणि दचकले की अजूनच चोर दिसायचे.

ब्यूरोच्या मॅडमचा फोन आला.

"मंदा, तुझी तक्रार आहे. पेशंटच्या गोळ्या जातात कुठे?"

"मी देते मॅडम."

"देते तं मग ते असं काहून म्हणतात? हे पाह्य, अजून एक तक्रार आली तं मले तुझं नाव काढावं लागेन. गोळीचोर म्हणून नाव झालं की नागपुरात कोणी दारात उभं करणार नाही तुले. समजून राहिली ना?"

"हाव मॅडम."

मला काकूंना विचारता आलं असतं. पण काय विचारणार? काकू, मी तुम्हाला गोळी देते की नाही, हे? मी रोज गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत होते. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गिळणं ही काकूंची सगळ्यांत लाजेची गोष्ट होती. एकदा पाहुण्यांसमोर चहा नाकातून आला, तेव्हापासून त्या कोणाला पाहू द्यायच्या नाहीत. गोळी हातात घेतली की म्हणायच्या, "तिकडं पाह्य." मी खिडकीकडे पाहायचे. वैशालीताई असल्या तर त्या कॅलेंडरकडे. भाऊ असले तर मोबाइलकडे. घराची रीतच झाली होती ती. पेल्याचा आवाज आला की आम्ही वळायचो. पेला रिकामा, काकू पदरानं तोंड पुसताहेत. मग त्या बटवा मागायच्या. सुपारी बंद झाली होती, चावताच येत नव्हती, पण जुना हिरवा बटवा हातात हवा. लवंगेचा वास घ्यायच्या आणि कमरेला खोचायच्या.

एका सोमवारी वैशालीताईंनी गोळ्यांचा डबा उचलून आपल्या आलमारीत ठेवला. किल्ली साडीच्या टोकाला बांधली.

"आजपासून गोळी मी देईन. तू फक्त बाकीचं पाह्य."

वाईट वाटलं, पण आत कुठंतरी बरंही वाटलं. आता काकू सुधारल्या तर मी चोर ठरणार होते. पण मी चोर नव्हते, म्हणजे त्या सुधारणार नव्हत्या. देवाजवळ काय मागावं ते कळेना.

काकू सुधारल्या नाहीत. उलट खालावल्या. आणि मग माझ्या मनात ते आलं, जे मी कोणाला सांगू शकत नव्हते. डबा ताईंजवळ, किल्ली ताईंजवळ, देणाऱ्या त्याच. आता गोळी कोण देत नव्हतं?

कारणही मला दिसत होतं. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. या घरची महालक्ष्मी म्हणजे साधं काम नाही. ज्येष्ठा-कनिष्ठा बसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, साऱ्या भाऊबंदांची पंगत. काकूंच्या सासूनंतर महालक्ष्म्या काकूंकडे होत्या. वैशालीताईंच्या मोठ्या जाऊबाई कामठीला राहतात. त्यांच्याशी फोनवर ताई बोलताना मी ऐकलं होतं. "आईंच्यानं या वर्षी होत नाही हो. तुमच्याकडेच बसवा." आणि एकदा महालक्ष्म्या दुसऱ्या घरी गेल्या की त्या परत येत नाहीत, ही या कुटुंबाची रीत. घरातली मोठी बाई मुखवटा हातात घेऊन उंबरठा ओलांडू शकली नाही, तर महालक्ष्म्यांचं घर बदलायचं.

काकू अंथरुणावर राहिल्या तर सुनेची सुटका होते. मला एवढं पुरेसं होतं.

मी ताईंवर नजर ठेवू लागले. त्या चहा करायच्या तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत बसायचे. कोथिंबीर संपली तर निवडलेलीच परत निवडायचे.

"इथी काहून बसून राहिली वं?" त्या विचारायच्या.

"उजेड बरा आहे ताई."

त्या माझ्यावर डोळा ठेवून, मी त्यांच्यावर. काकूंच्या कपात साखर पडली तरी मी पाहत होते. मी पिशवी घेऊन निघाले की त्या पाहत होत्या. घरात मशीनचा आवाज कमी झाला. आम्ही तिघी एका छताखाली होतो, पण दोघी पहारा देत होतो आणि मधे काकू, डोळे मिटून, बटवा धरून.

काकूंनाही काहीतरी कळत असावं. एकदा मी त्यांचे पाय चेपत असताना त्या म्हणाल्या, "मंदा, तू आणि वैशाली भांडल्या का वं?"

"नाही काकू."

"मंग अशा मांजरीसारख्या काहून फिरून राहिल्या?"

मी पाय चेपत राहिले.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. संध्याकाळी वैशालीताईंनी काकूंना पातळ खिचडी भरवायला घेतली. दुसऱ्याच घासाला काकूंना ठसका लागला. घास खालीही जाईना, वरही येईना. मी मागून धरून पुढं वाकवलं, तोंडातला घास निघाला. पण श्वास उथळ चालू होता आणि डोळे दोन्ही अर्धे मिटलेले. बोलायला गेल्या तर नुसतं नाकातून हुंकारल्यासारखं.

भाऊ घरी होते. त्यांनी ज्योत्स्ना सिस्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"एका श्वासात आकडे म्हणायला लावा त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "एक, दोन, तीन असे. मले ऐकू द्या."

काकू म्हणू लागल्या. आधी हॉस्पिटलात सिस्टरांच्या क्लासमध्ये हेच करताना त्या विसाच्या पुढे गेल्या होत्या. आता बाराशी अडकल्या.

सिस्टरचा आवाज बदलला नाही, पण बोलणं जलद झालं. "आत्ताच कॅज्युअल्टीत आणा. मी डॉक्टरांना सांगून ठेवते. या आजारात श्वासाचा स्नायू दमला तं मशीनवर टाकावं लागते. वाट नाही पाहायची."

त्या रात्री काकूंना वॉर्डात ठेवलं. तिथं गोळी नर्सच्या हातून, वेळेवर, तोंड उघडून पाहून. काकूंचं तिथं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या बेडवरच्या बाईला तिच्या सुनेबद्दल विचारत होत्या. पापणी वर.

डॉक्टर राउंडला आले. भाऊंना म्हणाले, "इथे आमच्या त्याच गोळ्यांवर या छान आहेत. घरी कमी पडतात. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर डोस वाढवावा लागेल, नाही तर घरी गोळी पोटात जात नाही. डोस वाढवायच्या आधी सिस्टरांकडे बसा."

घरी गोळी पोटात जात नाही. ते वाक्य ऐकल्यावर वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं पहिल्यांदाच आम्ही दोघींनी एकाच वेळी पाहिलं.

सिस्टरांकडे बसायचं म्हणजे ओपीडीच्या बाजूच्या छोट्या खोलीत. तिथं त्या या आजाराच्या पेशंटना आणि घरच्यांना शिकवतात. एक टेबल, चार-पाच खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं चित्र. पहिल्या क्लासला आम्ही याच खोलीत बसलो होतो, आषाढ संपता संपता. तेव्हा खोली भरलेली होती. सिस्टरनी तेव्हा पाण्याच्या टाकीचं सांगितलं होतं. सकाळी नळ येतात, टाकी भरते. दिवसभर तेच पाणी पुरवायचं. तशी तुमची ताकद. सगळी सकाळीच भांडी घासण्यात घालवू नका. ज्या कामाची तुम्हाला हौस आहे त्याच्यासाठी वाचवून ठेवा. मग विचारलं, समजलं का? सगळे म्हणाले, हाव. काकू सगळ्यांत मोठ्यानं.

आता खोलीत आम्ही तिघीच होतो, भाऊ शिफ्टला गेले होते. सिस्टरनी टेबलावर स्टीलची वाटी ठेवली. वाटीत बत्ताशाचे बारीक तुकडे.

"काकू, हे तुमच्या गोळ्या समजा," त्या म्हणाल्या. "तोंडात टाकला की आपोआप विरघळते, अडकत नाही. घरी दिवस कसा जाते ते मले करून दाखवा. मी काही सांगणार नाही. नुसती पाहीन."

"हे काय लहान पोरांसारखं," काकू म्हणाल्या, पण त्यांना मजा आली होती. "बरं. सकाळ झाली. मंदा, उठव मले."

मी उठवल्यासारखं केलं. पेला दिला. काकूंनी बत्ताशाचा तुकडा उचलला.

"तिकडं पाह्य," म्हणाल्या.

मी वळले. तुकडा गेला, पेल्याचा आवाज आला, परत वळले. दुपार झाली. तसंच. मग वैशालीताई म्हणाल्या, "चार वाजले आई, गोळी," आणि त्यांनी वाटी पुढे केली. काकू म्हणाल्या, "तिकडं पाहा." आम्ही दोघी वळलो. खोलीत खिडकी नव्हती, म्हणून दोघींची तोंडं एकाच भिंतीकडे, स्नायूंच्या चित्राकडे. अगदी खांद्याला खांदा लागून.

"एक मिनिट," मागून सिस्टरचा आवाज आला. "तुम्ही दोघी भिंतीकडे काहून पाहून राहिल्या?"

"त्यांना गिळताना कोणी पाहिलेलं चालत नाही," वैशालीताई भिंतीलाच म्हणाल्या.

"घरी पण असंच?"

"हाव," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"बरं. आता वळा."

आम्ही वळलो. काकू पदरानं तोंड पुसत होत्या. पेला रिकामा होता. सिस्टर मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, कमरेकडे पाहत होत्या.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "चारचा बत्तासा बटव्यात काहून गेला?"

काकूंचा हात कमरेवरच होता. त्यांनी खाली पाहिलं. मला वाटतं त्यांनाही तेव्हाच कळलं. वेळ झाली, आम्ही वळलो, आणि हातानं रोजचं काम करून टाकलं.

मग काकूंनी बटवा काढून सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरनी दोरी सोडून तो टेबलावर उलटा केला. लवंगा, वेलदोडे, सुपारीचं खांड, आत्ताचा बत्तासा. आणि गोळ्या. पावसाळी हवेनं ओलावलेल्या, फुगलेल्या, एकमेकींना चिकटून पिवळट पडलेल्या. काहींना लवंगेची पूड लागली होती.

वैशालीताई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"आई, हे काय आहे?"

"माह्या आहेत," काकू म्हणाल्या. "कोणाच्या नाही घेतल्या."

"पण कशासाठी?"

काकू सिस्टरकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हीच तं सांगतलं. ज्या कामाची हौस आहे त्याच्यासाठी वाचवून ठेवा. मी ठेवली. चारच्या वेळेले मले काही काम नसते. पडूनच राहायचं आहे तं गोळी काहून खर्च करायची? महालक्ष्म्यांच्या दिवशी साऱ्या एकदम घेतल्या असत्या. मुखवटा आत आणला असता, पुरण वाढलं असतं. मंग कामठीचं नाव कोणी काढलं नसतं."

सिस्टरनी गोळ्या एका बाजूला सारल्या. मग खुर्ची ओढून काकूंच्या अगदी समोर बसल्या.

"ताकद वाचवा म्हटलं होतं मी, काकू. गोळी नाही. गोळी म्हणजे बसचं आजचं तिकीट आहे. आज नाही बसल्या तं उद्या ते चालत नाही. आणि सारी तिकिटं घेऊन एकदम बसल्या तं बस काही जोरात पळत नाही."

"पण मले वाटलं..."

"ऐका. जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तं तोंडाले पाणी सुटते, पोटात मुरडा येते, अंगाचं मांस फडफडते आणि श्वासाचा स्नायू अजून ढिला पडते. कमी घेतली तरी श्वास जाते, जास्त घेतली तरी जाते. त्या दिवशी तुम्ही उंबरठ्यात पडल्या असत्या. पंगतीसमोर."

काकूंनी मान खाली घातली. आजारानं नाही, आपल्या मनानं.

"आणि चूक एकट्या तुमची नाही," सिस्टर म्हणाल्या. "टाकीचं मी सांगतलं. समजलं का म्हणून विचारलं आणि हाव ऐकून खूश झाली. पुढच्या क्लासपासून टाकी बंद."

मग त्यांनी विचारलं, महालक्ष्म्यांच्या दिवशी नेमकं काय काय करायचं आहे. काकूंनी सांगितलं. मुखवटा कोणत्या वेळेला येतो, किती चालायचं, नैवेद्य कधी. सिस्टरनी सगळं ऐकून डॉक्टरांना फोन केला. गोळ्या तेवढ्याच ठेवल्या, त्या दोन दिवसांच्या वेळा मात्र थोड्या सरकवल्या, म्हणजे उंबरठ्याच्या आणि नैवेद्याच्या वेळी गोळीचा जोर असेल. आदल्या दोन दिवसांत काकूंनी काहीही करायचं नाही. सोळा भाज्यांपैकी एकीलाही हात लावायचा नाही.

"आणि हे कोणाच्या सल्ल्यानं? माह्या. स्वतःहून वेळ बदलायची नाही," सिस्टरनी काकूंना बजावलं. "आता मले परत सांगा, मी काय म्हटलं?"

काकूंनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. तोवर सिस्टरनी त्यांना उठू दिलं नाही.

सुट्टी मिळाल्यावर घरी परतताना ऑटोत काकू मधे आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नल लागला. वैशालीताई समोर पाहत म्हणाल्या, "मंदा, तुले माह्यावर शक होता ना?"

"हाव ताई," मी म्हणाले.

सवयीनं निघून गेलं. पण खरंही होतं, म्हणून परत घेतलं नाही.

त्यांनी काकूंचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी कामठीले न्या म्हटलं, ते आईंच्या जिवासाठी म्हटलं होतं. मले स्वयंपाकाचं भेव नाही."

"आणि माह्यावर कोणालेच शक नव्हता," मधून काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "बुढीवर कोण घेते."

ऑटोवाला हसला. आम्ही नाही. पण घर येईपर्यंत वैशालीताईंनी आलमारीची किल्ली पदरातून सोडून माझ्या हातात दिली होती. माफी वगैरे मागितली नाही. ब्यूरोच्या मॅडमना मात्र त्यांनीच फोन केला, आणि तो माझ्यासमोर केला.

महालक्ष्म्या त्याच घरी बसल्या.

तुळशीपासून उंबरठ्यापर्यंत हळदी-कुंकवाची पावलं काढली होती. काकूंनी मुखवटा हातात घेतला, खालून वैशालीताईंचा हात. उंबरठ्याशी एक खुर्ची मांडून ठेवली होती. काकू तिथं बसल्या, श्वास घेतला, उठल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसूनच पानावर पुरण वाढत होत्या, बाकीचं आम्ही. कामठीच्या जाऊबाई पानावर बसल्या होत्या. त्या सासूला म्हणाल्या, "काहून हो आत्याबाई, या वर्षी आमच्याकडे येणार होत्या म्हणे महालक्ष्म्या?"

"येतीन," काकू त्यांच्या पानावर पुरण टाकत म्हणाल्या. "मी गेल्यावर येतीन. तोवर हे खा."

पंगत उठायच्या आधी चार वाजले; चारच्या गोळीची वेळ तेवढी बदलली नव्हती. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. भरल्या घरात, साऱ्या भाऊबंदांसमोर. काकूंनी गोळी जिभेवर ठेवली, दोन घोटांत गिळली, थोडं पाणी नाकाशी आलं ते पुसलं. मी पाहत होते. काकूंनी तोंड मोठं उघडून मला दाखवलं.

"पाह्य वं, नीट पाह्य. बटवा पण दाखवू?"

"दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी खरंच दाखवला. आत लवंगा होत्या.

आता मी दुसऱ्या घरीही जाते, काकूंकडे अर्धा दिवस. नवीन पेशंट असला की मी पहिल्याच दिवशी सांगते, गोळी घेताना मी इथंच उभी राहीन आणि पाहीन. कोणाला राग येतो, कोणाला लाज वाटते. एवढं एक वाक्य बोलायला मलाही लाज वाटते. पण ते बोलते. जिथं साऱ्यांचं लक्ष असतं तिथं सहसा काही घडत नाही. आम्ही एकमेकींच्या हातावर पहारा दिला आणि गोळी आमच्या पाठीमागे गेली.

महालक्ष्म्यांच्या पंगतीच्या दिवशी संध्याकाळी घरी निघाले तेव्हा दारात चपला घातल्या आणि पिशवी उघडून वैशालीताईंसमोर धरली. सवय झाली होती. त्यांनी पिशवीत हात घातला नाही. मग आत गेल्या, पुरणाचा डबा आणला आणि पिशवीत ठेवला.

"बंद कर ते," म्हणाल्या. "आणि आडवी धरू नको, तूप सांडन."